पत्ता आपला, पण किल्ली कोणाच्या हाती?

असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. आळंदीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे एक कुटुंब आहे. वडील चाकणच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, तर आई चार घरची धुणीभांडी करते. थोरला मुलगा आयटीआयमधून फिटरचा ट्रेड पास झालेला. त्याने अप्रेंटिसशिपसाठी दोन-तीन कंपन्यांत अर्ज भरले. अर्ज गल्लीच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात भरले. तिथल्या मुलानेच ई-मेल आयडी काढून दिला आणि पन्नास रुपये घेतले. पुढे महिना उलटला तरी बोलावणे येईना. घरात कुरबूर सुरू झाली. "आपल्याला कोण विचारतंय," असे वडील म्हणू लागले. शेवटी आई मुलाला घेऊन दुकानात गेली.

"दादा, पोराचं कंपनीचं लेटर आलंय का, बघा की जरा."

"अहो ताई, आयडी मीच काढून दिला होता खरा. पण पासवर्ड आता कुठं ध्यानात राहणार? रोज दहा जणांचे काढतो मी."

तासभर खटपट झाली आणि अखेर पेटी उघडली. लेटर आलेले होते! मुलाखतीची तारीख मात्र तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेलेली होती.

वाचकहो, या घराचे नाव आपण काहीही ठेवा. गाव आळंदी म्हणा, मोशी म्हणा, भोसरी म्हणा, नाहीतर मरकळ म्हणा. गोष्ट तीच राहील. कंपनीने पत्र पाठवले होते आणि ते वाटेत हरवलेही नव्हते. पोरगा नालायक नव्हता, की नशीबही फुटके नव्हते. पत्रपेटीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती, एवढेच काय ते झाले.

आज अप्रेंटिसशिपची नोंदणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, कॉलेजचा प्रवेश, पगाराची स्लिप, बँकेचे स्टेटमेंट या सगळ्यांना ई-मेल लागतो. रेशनकार्ड आणि जातीचा दाखला आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवतो. ई-मेलचा पत्ता मात्र दुसऱ्याच्या हातात सोडून देतो. यास्तव या लेखात ई-मेलच्या नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे घरगुती उपाय क्रमाने पाहू. हे समजायला कॉम्प्युटरचा कोर्स लागत नाही. घरातील दहावीची मुलगी हा लेख वाचून दाखवील आणि आई-वडील फोन हातात घेऊन बसतील, एवढे पुरे आहे.

पत्र फोनमध्ये नसते

सर्वप्रथम एक गोष्ट मनात पक्की करावी. ई-मेल आपल्या फोनमध्ये येऊन पडत नाही. पाठवणाऱ्याकडून तो निघतो आणि आपल्या मेल सेवेच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे सर्व्हरमध्ये जमा होतो. पूर्वी पोस्टात भाड्याने पेटी मिळत असे, तसाच हा प्रकार. पोस्टमन घरी येत नाही. आपणच जाऊन पेटी उघडायची. फोन ही त्या पेटीपर्यंत जाण्याची वाट आहे आणि पासवर्ड ही किल्ली.

यावरून दोन गोष्टी निघतात. फोन फुटला, चोरीला गेला, पाण्यात पडला तरी पत्रे जात नाहीत. दुसऱ्या फोनवरून तीच पेटी उघडता येते. उलट फोन कितीही भारी असला आणि किल्ली हरवली असली, तर त्याचा उपयोग नाही.

इंटरनेट कंपनीचा पत्ता आणि आपला पत्ता

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत ते सुरू केले आणि लवकरच पुण्यालाही ते आले. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चाले. घरातल्या कोणी फोन उचलला की जोडणी तुटे. ई-मेलचा पत्ताही जोडणी देणाऱ्या कंपनीच्याच नावाचा असे. म्हणजे भाडेकरूला घरमालकाच्या नावाने पत्रे यावीत, तसे. जोडणी बंद केली की पत्ताही जाण्याची धास्ती.

यातून वाट काढली ती सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोन तरुणांनी. भाटियांचे सुरुवातीचे शिक्षण पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये झाले होते. त्यांनी अमेरिकेत हॉटमेल ही सेवा सुरू केली ती ४ जुलै १९९६ रोजी. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त मुद्दाम निवडलेला होता. इंटरनेट कंपनी कोणतीही असो, गाव कोणतेही असो, ई-मेलचा पत्ता माणसाच्या स्वतःजवळ राहावा, हे ते स्वातंत्र्य. पुढे १ एप्रिल २००४ रोजी गुगलने जीमेल आणला.

ही जुनी हकीकत सांगण्याचे कारण असे की तो धडा आजही लागू आहे. विदेश संचार निगमची सूत्रे २००२ साली टाटा समूहाकडे गेली आणि २००८ साली कंपनीचे नावही बदलले. कंपन्या बदलतात, नावे बदलतात, आपणही खोल्या बदलतो. आज आळंदी, उद्या चाकण, परवा तळेगाव. तेव्हा अर्जावर देण्याचा पत्ता इंटरनेट कंपनीने दिलेला नसावा, कंत्राटदाराने दिलेला नसावा आणि दुकानदाराचा तर मुळीच नसावा. तो आपला स्वतःचा असावा. ज्यांचा पत्ता अजून जोडणीच्या कंपनीचा आहे, त्यांनी जोडणी बंद करण्यापूर्वी नवा पत्ता काढून सर्व ठिकाणी कळवावा. मागाहून धावपळ करून उपयोग होत नाही.

बिघाड कोठे आहे हे आधी ओळखा

मेल उघडत नाही म्हटल्यावर पुष्कळजण पासवर्डच बदलत सुटतात आणि गुंता वाढवतात. आधी बिघाड कोठे आहे ते पाहावे. फोनवर बातम्यांचे एखादे पान उघडून बघा. तेही उघडत नसेल तर दोष इंटरनेटचा आहे, मेलचा नाही. रोजचा डेटा संपला असेल, तर वेग इतका कमी होतो की अक्षरे येतात पण जोडलेला कागद उघडत नाही. घरात फायबरची लाइन असेल तर राउटरवरचे दिवे पाहावेत. "लॉस" लिहिलेला दिवा लाल पेटला असेल, तर बाहेरून येणारी केबल बहुधा तुटलेली असते. अशा वेळी आपण घरात कितीही बटणे दाबली तरी फरक पडत नाही. कंपनीला फोन करून तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक अवश्य लिहून घ्यावा. तक्रार मुदतीत सुटली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनी ही सोय ग्राहकाला दिली आहे आणि त्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही. मात्र तक्रारीचा क्रमांक हातात नसेल तर आपले म्हणणे पुढे सरकत नाही.

कार्तिकीच्या यात्रेत आळंदीत माणसांची दाटी झाली की मोबाइलचे जाळे मंदावू शकते. अर्जाची शेवटची तारीख त्याच दिवसांत येत असेल, तर दोन-तीन दिवस आधीच अर्ज भरून मोकळे व्हावे.

इतर सर्व पाने उघडतात पण मेल तेवढाच उघडत नाही, असे असेल तर फोनमधील तारीख आणि वेळ पाहावी. बॅटरी पूर्ण उतरल्यावर किंवा फोन दुरुस्त करून आणल्यावर तारीख कधीकधी मागची दाखवते. मेलचा सर्व्हर आणि आपला फोन एकमेकांची ओळख पटवताना तारीख तपासतात. ती चुकली की "जोडणी सुरक्षित नाही" असा संदेश येतो. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचे बटण चालू केले की हा बिघाड पाच मिनिटांत सुटतो.

"मेल आलाच नाही"

ही सर्वांत मोठी तक्रार. तिची कारणे पुढील क्रमाने तपासावीत.

पहिले कारण पत्त्यातील चूक. ई-मेलच्या पत्त्यात एक अक्षर चुकले की पत्र दुसऱ्याच्या पेटीत जाते, नाहीतर परत फिरते. "कॉम" ऐवजी "कॉन" टाइप होणे, नावातला एखादा आकडा गळणे, शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहिणे, या नेहमीच्या चुका आहेत. जीमेलमध्ये नावातील टिंब असले काय आणि नसले काय, पत्ता एकच धरला जातो. लहान-मोठ्या लिपीनेही फरक पडत नाही. आकडा मात्र चुकता कामा नये. अर्ज भरणारा दुसरा असेल तर "पाठवा" हे बटण दाबण्यापूर्वी पत्ता एकेक अक्षर मोठ्याने वाचून घ्यावा. लाज वाटू देऊ नये. दोन मिनिटांचे काम वर्ष वाचवते.

दुसरे कारण स्पॅम. मेल सेवा संशयास्पद पत्रे वेगळ्या कोपऱ्यात टाकते. त्यात कधीकधी चांगले पत्रही जाते. विशेषतः एखादी कंपनी एकाच वेळी शेकडो उमेदवारांना पत्र धाडते तेव्हा असे घडू शकते. जीमेलमध्ये स्पॅममधील पत्र ३० दिवसांनी आपोआप पुसले जाते. म्हणून कोठेही अर्ज केला असेल तर आठवड्यातून दोनदा स्पॅम उघडून पाहावे. चांगले पत्र सापडले तर "हे स्पॅम नाही" हे बटण दाबावे, म्हणजे पुढची पत्रे सरळ येतील. "प्रमोशन्स" नावाचा जाहिरातींचा कप्पा असतो, तोही चाळावा.

तिसरे कारण म्हणजे पेटी भरलेली असणे. गुगलच्या फुकट खात्याला साधारणपणे १५ जीबी जागा मिळते. मात्र ही जागा एकट्या मेलची नाही. फोनमधले फोटो आणि व्हिडिओ गुगल फोटोजमध्ये जमा होत असतील, तर तेही याच जागेत बसतात. १ जून २०२१ पासून हा नियम आहे. लग्नाचे, बारशाचे, जयंतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ साठत जातात, जागा संपते आणि नवे पत्र आत येणे बंद होते. आपल्याला वाटते कंपनीने कळवले नाही आणि कंपनीकडे मात्र "पेटी भरली आहे" असे उत्तर जाते. उपाय सोपा आहे. मोठे व्हिडिओ आधी फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, मग खात्यातून काढावेत, आणि शेवटी ट्रॅशसुद्धा रिकामा करावा. ट्रॅशमध्ये पडलेले सामानही जागा अडवते.

चौथे कारण म्हणजे मेल आला, पण घंटी वाजली नाही. बॅटरी वाचवण्यासाठी किंवा डेटा वाचवण्यासाठी फोनमध्ये जी बचतीची बटणे असतात, ती चालू असली की मेल आपोआप खाली उतरत नाही. सेटिंगमध्ये जाऊन "सिंक" चालू आहे का आणि जीमेलच्या सूचना चालू आहेत का, ते पाहावे. ते जमत नसेल तर रोज रात्री जेवणानंतर एकदा स्वतः पेटी उघडावी. पेटीचे पान बोटाने वरून खाली ओढले की नवी पत्रे दिसतात.

पाठवलेले पत्र परत आले

पोस्टातून परत आलेल्या पत्रावर पोस्टमन शेरा लिहून आणत असे. "घर बंद", "या पत्त्यावर राहत नाही", "पत्ता अपुरा". ई-मेलचेही तसेच आहे. पत्र पोहोचले नाही तर "मेलर-डिमन" किंवा "मेल डिलिव्हरी सबसिस्टिम" या नावाने इंग्रजी चिठ्ठी परत येते. ती पाहून घाबरून जाऊ नये आणि न वाचता पुसूही नये. त्यात एक आकडा असतो. तो ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे आणि सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर पत्र कायमचे परत आले असे समजावे. त्यातही ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. तेव्हा स्पेलिंग तपासावे. ५.२.२ म्हणजे समोरच्याची पेटी भरलेली आहे. तेव्हा त्याला फोन करून कळवावे.

मात्र आपण पाठवलेच नसलेल्या पत्रांच्या अशा चिठ्ठ्या ढिगाने येऊ लागल्या, तर सावध व्हावे. कोणीतरी आपल्या नावाने पत्रे पाठवत असण्याची शक्यता असते. लगेच पासवर्ड बदलावा.

जोडपत्राचेही एक सांगतो. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठे जोडपत्र सरळ जात नाही. गुणपत्रिकेचा फोटो काढताना फोन पुरा मोठा फोटो काढतो. असे आठ-दहा कागद जोडले की पत्र अडते. कागद स्कॅन करून एकच पीडीएफ बनवावी. सूर्यप्रकाशात, कागद सपाट ठेवून, सावली न पडू देता फोटो घ्यावा. फायलीला आपले नाव आणि कागदाचे नाव द्यावे. ज्याच्याकडे दिवसाला दोनशे अर्ज येतात, त्याला "फोटो १", "फोटो २" यावरून काय कळणार?

पासवर्ड विसरला, नंबर बदलला

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पासवर्ड विसरणे हा गुन्हा नाही, तो कोणीही विसरतो. "पासवर्ड विसरलो" या बटणावर बोट ठेवले की मेल सेवा आपल्या नोंदवलेल्या मोबाइलवर संकेतांक पाठवते. तो टाकला की नवा पासवर्ड करता येतो. ज्या फोनवर पूर्वी हे खाते उघडत होते, त्याच फोनवरून आणि नेहमीच्याच ठिकाणाहून हा प्रयत्न करावा. ओळख पटण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

पण नोंदवलेला नंबर कोणाचा आहे? खरी मेख येथेच आहे. दुकानदाराने घाईत स्वतःचा नंबर टाकलेला असतो, नाहीतर आपला जुना नंबर असतो आणि तो रिचार्ज न केल्याने बंद पडलेला असतो. आपल्या पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून कामाला आलेली पुष्कळ मंडळी आहेत. काम बदलले, ऑफर मिळाली की सिमकार्ड बदलते. बंद झालेला नंबर कायम आपल्या नावावर राहत नाही. बंद झाल्यावर किमान ९० दिवस थांबून कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे आपल्या ई-मेलचा संकेतांक कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकतो. त्यामुळे जुने सिम सोडण्यापूर्वी ई-मेल, बँक, आधार आणि पीएफ या चार ठिकाणी नवा नंबर नोंदवावा आणि मगच जुने सिम सोडावे. क्रम उलटा करू नये.

दुकानदाराचा नंबर लागलेला असेल तर त्याच्याशी भांडण काढू नये. त्याने त्या वेळी आपली अडचणच दूर केली होती. एखाद्या निवांत दुपारी त्याच्याकडे जावे, त्याच्यासमोर संकेतांक घ्यावा आणि तेथेच आपला नंबर व नवा पासवर्ड नोंदवून यावे. एक पर्यायी ई-मेलही, घरातील दुसऱ्या कोणाचा, नोंदवून ठेवावा. नंबर गेला तरी ती वाट उरते.

सर्व प्रयत्न करूनही खाते उघडत नसेल, तर नवा पत्ता काढावा आणि जेथे जेथे जुना दिला होता तेथे तो बदलून घ्यावा. "हजार रुपये द्या, खाते उघडून देतो" असे सांगणाऱ्याच्या नादी लागू नये. गुगल खाते परत मिळवून देण्यासाठी पैसे घेत नाही.

खाते वापरातही ठेवावे. दोन वर्षे अजिबात न उघडलेले गुगल खाते पुसून टाकण्याचा नियम कंपनीने २०२३ साली केला. दहावीच्या प्रवेशाला काढलेला पत्ता बारावीनंतर उघडायला गेलो, तर तो जागेवर नाही, असे घडू शकते.

छोट्या वर्कशॉपमधील मेल

भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपमध्ये, कंत्राटदाराच्या ऑफिसात आपल्या अनेक मुली-मुलगे कॉम्प्युटरवर बसतात. तेथे कंपनीच्या नावाचा मेल आउटलुकमध्ये उघडलेला असतो. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

एका कॉम्प्युटरवर मेल दिसतो, पण साहेबांच्या फोनवर दिसत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. याचे कारण "पॉप" ही पद्धत. ती पत्र सर्व्हरवरून उचलून कॉम्प्युटरवर आणते आणि सर्व्हरवरची प्रत काढून टाकू शकते. "आयमॅप" पद्धतीत पत्र सर्व्हरवरच राहते आणि सर्वांना सारखेच दिसते. शक्य असेल तेथे आयमॅप लावावे. पॉपच ठेवायचे असेल तर "सर्व्हरवर प्रत ठेवा" या पर्यायावर खूण करावी.

मेल येतात, पण जात नाहीत, ही दुसरी तक्रार. बाहेर जाणाऱ्या मेलचा जुना दरवाजा, म्हणजे पोर्ट, २५ क्रमांकाचा. खोट्या जाहिरातींचे मेल रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या तो बंद ठेवतात. तेथे ५८७ किंवा ४६५ टाकावे आणि बाहेर जाणाऱ्या मेलसाठीही नाव-पासवर्ड लागतो, त्या पर्यायावर खूण करावी. बदल करण्यापूर्वी जुने आकडे कागदावर उतरवून ठेवावेत, म्हणजे चुकले तर परत येता येते.

खोटे पत्र कसे ओळखावे

किल्ली आपल्या हाती आली म्हणजे पेटीची राखणही आपल्यालाच करावी लागते. चाकणच्या पट्ट्यात बजाज, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन अशा मोठ्या कंपन्यांचे कारखाने आहेत. अशा मोठ्या नावांचा वापर करून नोकरीची खोटी पत्रे पाठवणाऱ्या टोळ्या असतात. वर कंपनीचे चिन्ह, खाली शिक्का, मध्ये भला मोठा पगार आणि शेवटी एक ओळ येते. गणवेश, मेडिकल किंवा गेटपाससाठी अमुक रुपये भरा, नंतर परत मिळतील. येथेच थांबावे. कामाला घेण्यासाठी पैसे मागणारे पत्र खोटे धरावे.

पाठवणाऱ्याचे नाव नव्हे, तर @ या खुणेच्या पुढचा भाग वाचावा. मोठ्या कंपनीचे पत्र कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून येते, फुकटच्या जीमेलवरून नव्हे. केंद्र व राज्य सरकारची संकेतस्थळे सहसा "गव्ह डॉट इन" ने संपतात. शंका आली तर कारखान्याच्या गेटवर जाऊन विचारावे. आळंदीहून चाकण काही लांब नाही. संकेतांक तर कोणालाही सांगू नये, तो बँकेचा साहेब असल्याचे सांगो की शिष्यवृत्तीचा अधिकारी.

पैसे गेलेच, तर रडत बसू नये आणि लाजेने लपवूही नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. ही देशभरची सायबर फसवणुकीची मदतवाहिनी आहे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा अधिक.

एक वही, एक तास

आता शेवटचे. घरात एक छोटी वही करावी. तीत प्रत्येकाचा ई-मेल पत्ता, नोंदवलेला मोबाइल, पर्यायी ई-मेल आणि कोठे कोठे अर्ज केला आहे, ते लिहावे. पासवर्ड लिहायचा असेल तर तो दुसऱ्या कागदावर, दाखल्यांच्या पिशवीत, कुलपात ठेवावा. नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड ठेवू नये. आपल्यालाच आठवतील असे तीन-चार असंबद्ध शब्द जोडून लांब पासवर्ड करावा. बाहेरच्या कॉम्प्युटरवर मेल उघडला, तर उठण्यापूर्वी "साइन आउट" करावे.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरली जाते. अर्जात त्रुटी निघाली तर तो दुरुस्तीसाठी परत येतो. निरोप वेळेवर वाचला नाही तर मुलाच्या फीची अडचण उभी राहते. ज्या पिढ्यांनी ही शिष्यवृत्ती मिळवण्यासाठी धडपड केली, त्यांचे कष्ट एका न उघडलेल्या मेलने वाया जावेत काय?

एक करता येईल. रविवारी विहारात आपण जमतोच. वंदनेनंतर एक तास ठेवावा. कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली-मुलांनी सतरंजीवर बसावे आणि ज्याने त्याने आपला फोन घेऊन यावे. नोंदवलेला नंबर स्वतःचा आहे का, पेटीत जागा आहे का आणि स्पॅममध्ये काही अडकले आहे का, या तीनच गोष्टी पाहाव्यात. पासवर्ड मात्र ज्याचा त्याने स्वतः टाकावा, शिकवणाऱ्याने मान वळवावी. काका-मावशींनाही स्वतःच्या बोटाने पेटी उघडू द्यावी. उशीर लागेल, लागू द्यावा.

त्या आळंदीच्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. ते आपल्यावर आहे. तो मुलगा आपल्या गल्लीत आहे, कदाचित आपल्या घरातच आहे. आज रात्री जेवणे झाली की त्याला एवढेच विचारा, "बाळा, तुझ्या मेलचा पासवर्ड तुझ्यापाशी आहे ना रे?"